तिसऱ्यांदा विचारलं तर

नीकोने शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली, तिच्यात एक उभी रेघ मारली आणि बायकोला म्हणाला, "अठरा."

शुभदाबाई पोह्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पाहुण्यांच्या वह्या-कागदांत डोकावायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि पंच्याहत्तर वर्षांत तो त्यांनी फारसा पाळला नव्हता.

"अठरा काय?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव," नीको इंग्रजीत म्हणाला. उंचापुरा, लालसर दाढीचा माणूस, पण आनंद लपवता येत नव्हता त्याला. "शनिवारपासून हिमानीने अठरा वेळा माझं नाव घेतलं. इंकाचं एकदाही नाही."

इंका, त्याची बायको, हसल्यासारखं करून कपात बघू लागली.

ही दोघं फिनलंडहून आली होती. नीको तिकडे रस्त्यांवरचं बर्फ बाजूला सारणारी मोठी गाडी चालवायचा, इंका दातांच्या दवाखान्यात कामाला होती. मूल दत्तक घ्यायचं म्हणून पाच वर्षं त्यांनी कागद केले, वर्षभर शिकवणी लावून हिंदी शिकले, आणि शेवटी जयपूरच्या एका संस्थेतली ही दोन भावंडं त्यांच्या पदरात पडली. हिमानी सात वर्षांची, पवन चार. संस्थेने शनिवारी मुलं त्यांच्या हवाली केली होती. आता फक्त मुलांचे पासपोर्ट यायचे होते. ते गुरुवारी मिळणार होते, आणि शुक्रवारी दुपारी गाडीने दिल्ली, तिथून विमान. तोवर मुक्काम बनी पार्कात, शुभदाबाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर.

शुभदाबाईंच्या नवऱ्याची, विष्णुपंतांची, बँकेतून सांगलीहून जयपूरला बदली झाली ते साल १९७९. "तीन वर्षांत परत जाऊ," असं म्हणून त्यांनी दोन ट्रंका आणल्या होत्या. त्या ट्रंका अजून माळ्यावर होत्या, विष्णुपंत जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि मुलगा अनिरुद्ध बंगलोरला होता. वरच्या खोल्या रिकाम्या ठेवण्यापेक्षा पाहुण्यांना दिलेल्या बऱ्या, म्हणून शुभदाबाई त्या देत. आजवर देशोदेशीची माणसं येऊन गेली. हवामहल बघणारी, खडे विकत घेणारी, पोट बिघडवून घेणारी. पण आई-बाप व्हायला आलेलं जोडपं हे पहिलंच. शनिवारपासून जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांचे कान टवकारत होते.

दोन दिवस त्या चौघांनी न्याहारी वरच केली होती. मंगळवारी पहिल्यांदाच खाली आले.

"बघा तुम्ही," नीको म्हणाला, आणि टेबलावरचं केळं उचलून त्याने आपल्या पुस्तकी हिंदीत विचारलं, "हिमानीजी, क्या आप केला ग्रहण करेंगी?"

हिमानी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. दोन वेण्या, नवा पिवळा स्वेटर, दोन्ही हात पाठीमागे. तिने केळ्याकडे बघितलं, खाली बघितलं आणि हळूच म्हणाली, "नको."

"एकोणीस!" नीको म्हणाला. "शेवटचं अक्षर बरोबर म्हणते. पहिलं जरा तोकडं पडतं, पण येईल हळूहळू."

तो वही काढेपर्यंत पवनने केळं पळवलं होतं.

शुभदाबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. त्यांनी नीकोकडे बघितलं, त्या पोरीकडे बघितलं. कान अजून शाबूत होते त्यांचे. पोरगी त्याचं नाव घेत नव्हती. पोरगी नको म्हणत होती. तेही असं तसं नाही, मानेला किंचित झोल देऊन, 'को' जरा लांबवून, जसं मिरज-सांगलीकडच्या कुठल्याही ओट्यावर ऐकू यावं तसं.

ह्या घरात लहान मुलाच्या तोंडून हा शब्द ऐकून किती वर्षं झाली? अनिरुद्धची तनया सुट्टीत यायची तेव्हा म्हणायची, "आजी, मुझे नहीं चाहिए." फारच लाडात आली तर "मला नाही पाहिजे." नको हा शब्द विष्णुपंतांबरोबर गेला होता. "भात नको," "आता औषध नको," "अनिरुद्धला उगीच बोलावू नको." मग ह्या पोरीला तो कोणी दिला?

पाहुणे वर गेल्या गेल्या त्यांनी संस्थेतल्या अलकाजींना फोन लावला. अलकाजींनीच हे पाहुणे त्यांच्याकडे पाठवले होते.

"आंटीजी, तिची आई महाराष्ट्राचीच होती," अलकाजी म्हणाल्या. "परभणीकडची कुठली तरी. सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करायची. एकटीच होती. कावीळ झाली, आठ दिवसांत गेली बिचारी. तेव्हा ही चार वर्षांची, तो धाकटा तर मांडीवरचा. नातेवाईक शोधले, वर्तमानपत्रात दिलं, तिकडच्या पोलिसांना लिहिलं. कोणी आलं नाही."

"पोरगी मराठी बोलते का?"

"छे! आली तेव्हा काहीतरी बोलायची, आम्हाला कळायचं नाही. दोन-तीन महिन्यांत हिंदी बोलायला लागली. आता तर भांडते पण हिंदीत. का हो?"

"काही नाही, सहजच," शुभदाबाई म्हणाल्या. सहज असं त्यांनी आयुष्यात काही विचारलं नव्हतं.

दुपारी हिमानी अंगणात एकटी सापडली. संक्रांत होऊन पंधरा दिवस झाले होते तरी कडुलिंबात अजून पाच-सहा पतंग अडकलेले होते, ते ती मोजत होती. शुभदाबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "काय गं, भूक लागली का तुला? आवडतात का पतंग?"

पोरीने त्यांच्याकडे वळून बघितलं. "दादीजी, ये कौनसी भाषा है?"

म्हणजे सगळं पुसलं गेलं होतं. भूक गेली, आवड गेली, आईची सगळी भाषा गेली, आणि एवढा एकच शब्द तेवढा राहिला होता. आणि राहिला तोही नको? शुभदाबाईंना ते काही केल्या सुटेना.

संध्याकाळी अनिरुद्धचा फोन आला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

"आई, तू त्यात पडू नकोस."

"तू पण नकोच म्हण."

"मी काय म्हणतोय, पाच वर्षं थांबलेत ते लोक. तो माणूस खूश आहे ना? मग त्याला जाऊन सांगणार तू, की बाबा रे, ती तुझं नाव घेत नाही, तुला नाही म्हणते?"

"आणि ती खरंच नाही म्हणत असेल तर? तिचं कळणारी अख्ख्या जयपुरात मी एकटी आहे, अन्या."

"अख्ख्या जयपुरात एकटी? तुझ्या हळदीकुंकवाला गेल्या वर्षी चाळीस बायका आल्या होत्या."

"त्या ह्या घरात नाहीत," शुभदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी इंका एकटीच खाली आली. शुभदाबाई नको-नको म्हणत असताना तिने फडकं घेतलं आणि ताटं पुसायला लागली. मग ताटाकडे बघतच बोलली.

"डॉक्टर म्हणाले, वजन कमी आहे. पवन सगळं खातो. ती आमच्या हातून काही घेत नाही. दूध नाही, फळ नाही, काल नीकोने बाहुली आणली, तीही नाही. आम्ही खोलीबाहेर गेलो की पवनच्या ताटातलं उरलेलं खाते. मी दारातून बघितलं."

"नवी जागा आहे, होईल."

"सगळ्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या आहेत," इंका म्हणाली. "तिची नाही. मी नीकोला सांगितलंय, तिला आम्ही नको असलो तर मी तिला ओढून नेणार नाही. शुक्रवारी सुद्धा थांबवीन. नीको म्हणतो, नको असतो तर तिने माझं नाव कशाला घेतलं असतं?" तिने ताट खाली ठेवलं. "त्या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही आहोत."

शुभदाबाईंनी ते ताट उचलून मांडणीत ठेवलं. इतका वेळ त्यांना वाटत होतं, सांगितलं तर एक माणूस हिरमुसेल. आता कळलं की सांगितलं तर शुक्रवारची गाडीच निघायची नाही. आणि न सांगितलं, आणि पोरीचा तो खरोखरचा नकार असला, तर त्या नकाराची एकमेव साक्षीदार तोंड मिटून फाटकात हात हलवत उभी राहणार.

मग त्यांनी तेच केलं जे त्या मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवताना करत आल्या होत्या. उत्तर येत नसेल तर आधी दिलेलं काय आहे ते नीट बघायचं. दुपारपर्यंत त्या मटार सोलायचं निमित्त करून अंगणात बसून राहिल्या. एक किलो मटार संपले तेव्हा सोललेलेच पुन्हा चाळत बसल्या.

आणि बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं. पवनने चप्पल पळवली, तेव्हा हिमानी ओरडली, "नहीं! मेरी है!" इंकाने डोक्यावरून पाणी घ्यायला बोलावलं, तेव्हा "नहीं, ठंडा है." शेजारच्या कुत्र्याजवळ चल म्हटलं, तेव्हा "नहीं नहीं नहीं." पोरीला नकार चांगला देता येत होता, आणि तो ती चोख हिंदीत देत होती. नको यायचं ते फक्त कोणी काही देऊ केलं की. तेव्हा हात पाठीमागे जायचे, आवाज खाली यायचा आणि डोळे मात्र बशीवरून हलायचे नाहीत.

शुभदाबाई ते पाठीमागचे हात बघत राहिल्या. ते हात त्यांच्या ओळखीचे होते.

मिरज. त्या आठ वर्षांच्या असतील. आईचं ऑपरेशन झालं होतं, आणि मोठ्या दवाखान्यातल्या गोऱ्या मडमेने छोट्या शुभीला आपल्या खोलीत नेऊन बशी पुढे केली होती. बशीत केकचा तुकडा, त्यात काळे मनुके. तोवर केक तिने फक्त बेकरीच्या काचेतून बघितलेला. आणि घरून निघताना आईने बजावलेलं असायचंच, लोकांच्या घरी हावरटासारखं लगेच हात पुढे करायचा नाही, नको म्हणायचं. मग ते आग्रह करतात, तेव्हा घ्यायचं. शुभीने हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, "नको." मडम गोड हसली, मान डोलावली आणि बशी कपाटात ठेवून दिली. कपाटाचं दार लागल्याचा तो आवाज! सदुसष्ट वर्षं झाली, विष्णुपंतांनी नंतर किती केक आणले, पण त्या तुकड्याची चव काय होती ह्याचं कुतूहल अजून तसंच होतं.

त्यांनी मटार तसेच टाकले, आत जाऊन डब्यातून तिळाचा लाडू काढला, आणि पायरीवर हिमानीशेजारी बसल्या.

"लाडू घेतेस?"

हात पाठीमागे. "नको."

"अगं घे, घरचा आहे."

"नको," जरा हळू.

शुभदाबाईंनी लाडू आणखी जवळ नेला. "घे गं बाई, एवढासा तर आहे."

पाठीमागून उजवा हात पुढे आला. हिमानीने लाडू उचलला, दोन घासांत संपवला आणि फ्रॉकवर पडलेला एकेक तीळ बोटाने टिपून खाल्ला.

"तुला हे नको म्हणायला कोणी शिकवलं?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"मम्मीने," हिमानी म्हणाली. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, असा चेहरा करून. "दुसऱ्यांच्या घरी दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं. नाहीतर लोक म्हणतात, आईने काही शिकवलं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण तिसऱ्यांदा कोणी विचारतच नाही."

"तिकडे संस्थेत?"

"तिथे तर वाढूनच देतात. विचारतच नाहीत."

अलकाजींचा तरी काय दोष? साठ पोरांच्या पंगतीत मनुहार, आग्रह कोण करत बसणार! शुभदाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी आणखी एक लाडू आणला आणि पुन्हा पहिल्यापासून तीनदा विचारलं.

त्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी नीको-इंकाला आपल्या बैठकीत बसवलं. मुलं अंगणात होती. नीकोने वही टेबलावर ठेवली होती. आकडा एकेचाळीसवर गेला होता.

शुभदाबाईंनी आडवळण घेतलं नाही. "नीको, ती तुझं नाव घेत नाही. तो आमच्या भाषेतला शब्द आहे. तिच्या आईच्या. त्याचा अर्थ, मला हे नाही पाहिजे."

नीकोने वही उघडली, रेघांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे एकेचाळीस वेळा ती मला नाही म्हणाली."

इंका उठायला लागली. "मला वाटलंच होतं."

"खाली बस!" शुभदाबाई म्हणाल्या, अगदी आठवीच्या वर्गात म्हणायच्या तशा, आणि इंका बसली. "माझं अर्धंच झालंय. तुमच्याकडे कोणी नाही म्हटलं तर तुम्ही काय करता?"

"काही नाही," नीको म्हणाला. "नाही म्हणजे नाही. पुन्हा विचारणं म्हणजे... त्या माणसाचा अपमान."

"आणि आमच्याकडे पुन्हा न विचारणं म्हणजे अपमान. लोक म्हणतात, तोंडदेखलं विचारलं." मग त्यांनी मिरजेचा केक सांगितला, मडम सांगितली, कपाटाच्या दाराचा आवाज सांगितला, आणि आज दुपारचे दोन लाडू सांगितले. "ती दोनदा नको म्हणते आणि तिसऱ्यांदा विचारायची वाट बघते. तू पहिल्याच वेळी खूश होऊन वही काढतोस."

नीकोने वही मिटली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे तिला आम्ही हवे आहोत?" इंकाने विचारलं.

"ते मला माहीत नाही," शुभदाबाई म्हणाल्या. खोटं सांगून चालणार नव्हतं. "एवढं माहीत आहे, की ही रीत दुसऱ्याच्या घरची आहे. स्वतःच्या घरी कोणी नको म्हणून वाट बघत नाही. डबा उघडतो आणि घेतो. अजून ती तुमच्याकडे पाहुणी आहे. तुम्ही यजमानासारखं वागा, आधी एवढं तर करा."

गुरुवारी पासपोर्ट आले. पण सकाळी त्याआधी न्याहारीला नीको दाढी विंचरून, परीक्षेला आल्यासारखा बसला. दुधाचा पेला त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"हिमानीजी, क्या आप दूध ग्रहण करेंगी?"

"नको."

"कृपया ग्रहण कीजिए."

"नको." हे जरा दबकत आलं. पोरगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. असं आजवर झालं नव्हतं.

नीकोने शुभदाबाईंकडे बघितलं. त्याच्या देशातल्या सगळ्या चांगल्या माणसांनी त्याला जे शिकवलं होतं ते त्याच्या आड येत होतं. शुभदाबाईंनी भुवया उंचावल्या. त्याने काल पाठ केलेलं म्हणून टाकलं, "घे गो बाय, एवदासा."

हिमानीला खुदकन हसू आलं. तिने पेला घेतला आणि ओठांवर मिशी येईपर्यंत पीत राहिली. इंका उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ कडुलिंबातले पतंग बघत उभी राहिली.

त्या दिवशी वरच्या मजल्यावर नुसता आग्रह चालू होता. पोळी तीनदा, मोजे तीनदा, संत्र्याची फोड न् फोड तीनदा. पवन वैतागून ओरडला, "मुझे एक बार में दो!" बाहुलीसुद्धा तिसऱ्या वेळी घेतली गेली. पण प्रत्येक वेळी आधी दोन नको यायचेच. शुभदाबाई खालून मोजत होत्या. अंदाज घेत होत्या की एखादा नको गळतो का. एकही गळला नाही.

शुक्रवारी दुपारी फाटकात गाडी लागली. सामान चढलं. इंकाने शुभदाबाईंना मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "मी काल रात्री तिला विचारलं. येशील ना? ती नको नाही म्हणाली आणि नहीं पण नाही म्हणाली. म्हणाली, सोचूँगी."

"मग विचार करू दे की तिला," शुभदाबाई म्हणाल्या.

त्यांनी तिळाच्या लाडवांचा डबा इंकाच्या हातात दिला. मागच्या सीटवर मध्ये पवन, एका बाजूला इंका, दुसऱ्या खिडकीशी हिमानी. नीको पुढे, चालकाशेजारी. इंकाने डबा मांडीवर ठेवून झाकण नुकतंच सैल केलं होतं. विचारायला तिने तोंडही उघडलं नव्हतं.

पवनच्या डोक्यावरून एक हात आला. हिमानीने झाकण बाजूला सारलं, डब्यात बघितलं, एक लाडू उचलला आणि तोंडात टाकला. कोणी पहिल्यांदाही विचारलं नव्हतं. इंकाने डबा तसाच धरून ठेवला.

मग हिमानीने दुसरा लाडू काढला आणि पुढच्या सीटवरच्या नीकोच्या खांद्यावरून पुढे केला. "लो."

नीको वळला. लाडवाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले, सीटच्या पट्ट्यात अडकले तरी नेले, आणि म्हणाला, "नको."

पोरीचे डोळे बारीक झाले. "लो ना."

"नको."

फाटकाची कडी शुभदाबाईंनी घट्ट धरली होती. आता ही कंटाळली, किंवा पवनने तो लाडू मध्येच लांबवला, तर सगळंच गेलं.

"घे," हिमानी म्हणाली. लाडू कुठून आला होता तेही तिला ठाऊक होतं आणि हा शब्द कुठून आला तेही. "घे रे बाबा, एवढासा तर आहे."

नीकोने तोंड उघडलं आणि अख्खा लाडू आत घेतला.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला हात हलवता आला, बोलता मात्र आलं नाही. त्याने खिशातून वही काढलेली शुभदाबाईंना काचेतून दिसली. रेघ मारली की आणखी काही लिहिलं, तेवढं मात्र दिसलं नाही, आणि ते त्यांना पुढे कित्येक दिवस डाचत राहिलं.